कोनं मारलं थे आधी सांगा!

वऱ्हाडी माणसाला रहस्यकथा देणं जोखमीचं काम आहे, कारण त्याच्या पोटात बाकी सगळं राहतं, गुपित राहत नाही. तर्रीत बुडवलेले दोन आलूबोंडे राहतात, वर गिलावडा राहतो, रोडगे आणि वांग्याची भाजी तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामाला असते. पण कादंबरीतला खून कोणी केला हे एकदा कळलं, की त्याला चौक ओलांडेपर्यंतही धीर निघत नाही.

अकोल्यातल्या एका वाचनालयात मी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसतो. पगार नाही, पंखा आहे. तिथला नेहमीचा प्रकार असा. एक वर्गणीदार पुस्तक परत करतो आणि त्यावर शिक्का पडायच्या आत जाहीर करतो, "सावत्र भाऊच निघाला ना बावा!" त्याच्या मागे उभा असलेला नेमका तेच पुस्तक न्यायला आलेला असतो. दुसऱ्या एखाद्या गावी इथे भांडण झालं असतं. आमच्याकडे मागचा म्हणतो, "मले वाटलंच होतं," आणि तेच पुस्तक काखोटीला मारून घरी जातो.

या मागच्या माणसाचा मी बराच विचार केला आहे. खुनी माहीत असूनही तो पुस्तक नेतो, म्हणजे खुनी कोण हे त्याला जाणून घ्यायचंच नाही. मग त्याला हवं काय? एवढं ओळखता आलं की रहस्यकथा निवडून देणं सोपं जातं. पण लोक तसं काही सांगत नाहीत. औषधाच्या दुकानात जाऊन "एखादी गोळी द्या" म्हणावं, तसं येऊन म्हणतात, "एखादी रहस्यकथा द्या." कोणती, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "कोन्तीबी द्या, खून पायजे फक्त."

अहो, खून सगळीकडेच असतो. खुनाभोवती काय असतं त्यावर सगळं अवलंबून आहे.

खुनाचा नाद आमच्या भागाला जुना आहे. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं ती कीचकदरा, तिचाच पुढे चिखलदरा झाला, असं तिथला प्रत्येक गाइड छातीठोकपणे सांगतो. आता या प्रकरणाकडे जरा ठाणेदाराच्या नजरेनं बघा. खून रात्रीचा, नृत्यशाळेत, अंधारात. हत्यार नाही. प्रेताचं डोकं कुठलं, हातपाय कुठले ते कळेना, नुसता मांसाचा गोळा; म्हणजे ओळख पटवण्याची पंचाईत. आरोपी खोट्या नावानं स्वयंपाकी म्हणून नोकरीला लागलेला. जिच्यापायी सगळं घडलं ती बाई जबाब देते, की माझे नवरे गंधर्व आहेत, त्यांनी मारलं. आता गंधर्वांवर समन्स बजावायचं कोणत्या पत्त्यावर? तपास सुरू होण्याआधी मयताचे १०५ भाऊबंदही खलास. आणि आरोपीनं भीमकुंडात हात धुऊन घेतल्यामुळे उरलासुरला पुरावा पाण्यात.

हा गुन्हा उघडकीस आणला कोणी? हस्तिनापुरात बसलेल्या दुर्योधनानं, घटनास्थळी पाऊल न टाकता. कीचकाला नुसत्या हातांनी मारील असे या देशात आहेत किती? बलराम, शल्य आणि भीम. पहिल्या दोघांचा तिथे संबंध नाही. सबब भीम तिथे आहे, सबब पाचही तिथेच आहेत. शेरलॉक होम्स छापून आला तो १८८७ साली. खुर्चीत बसून तर्क लढवण्याचं पेटंट खरं म्हणजे दुर्योधनाच्या नावावर असायला हवं, पण त्याला कोण देणार श्रेय!

आणि मजा बघा, कीर्तनाला बसलेल्या एकूण एक माणसाला भीमच मारणार हे पहिल्यापासून ठाऊक असतं. तरी कीचक नृत्यशाळेच्या दारात आला की मंडपातलं शेंगदाणे खाणं थांबतं. खुनी आधी सांगून टाकायचा आणि मग तो सापडतो कसा हे दाखवायचं, या तऱ्हेच्या गोष्टी आर. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज डॉक्टरानं लिहिल्या, त्यांचं पुस्तक १९१२ साली आलं आणि साहेबाला वाटलं आपण काहीतरी उलटं केलं. आमच्यासाठी ते सुलटंच होतं. 'दृश्यम' सिनेमा वऱ्हाडात तुफान चालला त्याचंही मला नवल वाटलं नाही. त्यात प्रेत कुठं आहे एवढं एक शेवटापर्यंत राखून ठेवलेलं. बाकी सगळं घरच्यासारखं उघड. दोन ऑक्टोबरला आपण कुठं होतो हे अजून लोक एकमेकांना विचारतात. मात्र त्या तारखेला आपण दुसरीकडेच होतो असं लोकांना पटवायची ती युक्ती अमरावतीत चालली नसती. राजकमल चौकात तुम्ही कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, काय खाल्लं आणि पैसे कोणी दिले, हे सांगणारी चार माणसं तुम्हाला न विचारता ठाण्यात हजर झाली असती.

सांगायचं काय, की मागचा तो वाचक "कोणी?" विचारत नाही. तो विचारतो "कायले?" हा प्रश्न ज्याला पडतो त्याला एक पुस्तक द्यावं लागतं, "कसं काय?" म्हणणाऱ्याला दुसरं, आणि "मंग पुढं?" एवढंच म्हणणाऱ्याला तिसरं. टेबलाशी बसून मी इतकंच शिकलो.

आमच्या आधीच्या पिढीला ही भानगडच नव्हती. त्या काळात वाचक प्रकार मागत नसे, माणूस मागत असे. "झुंजार आहे का?" "काळा पहाड आला का?" बाबूराव अर्नाळकर, म्हणजे खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि एकाच लेखणीतून वेगवेगळ्या स्वभावांच्या गिऱ्हाइकांची सोय केली. ज्याला डोकं चालवायची हौस त्याला धनंजय आणि त्याचा छोटू. ज्याला वाटायचं की कायदा काही कामाचा नाही, बदमाशाला कोणीतरी परस्पर हाणला पाहिजे, त्याला झुंजार. धनंजयचं मूळ गाव लंडनमधली बेकर स्ट्रीट आणि झुंजार हा लेस्ली चार्टरिसच्या सेंटचा मुंबईकर चुलतभाऊ, हे शहाण्या लोकांनी मागाहून सांगितलं. सांगू द्या. मूर्तिजापूरच्या वाचकाला त्यानं काय फरक पडत होता? त्याला बेकर स्ट्रीट आणि गिरगाव सारखेच लांब होते.

पुढे गोव्याच्या गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, तेव्हा देशाच्या सीमेवर काय चाललंय हे पोट्ट्यांना पेपराआधी कळायला लागलं. सुहास शिरवळकरांनी तर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी अख्खी फळी उभी केली. माझे एक अकोटचे मित्र त्या काळात फिरोज इराणीसारखा गॉगल लावत. कापसाच्या गाडीवर बसताना सुद्धा.

आता मावशी. अमरावतीला माझी सासुरवाडी, अंबागेटच्या आत. बायकोची सख्खी मावशी तिथे राहते. तिनं आयुष्यात एकही रहस्यकथा वाचलेली नाही आणि तिला वाचायची गरजही नाही. मे महिन्यातली दुपार होती, ती सुपात सांबार निवडत बसली होती (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बाहेरच्यांनी इडली शोधू नये) आणि मी झोपाळ्यावर अगाथा ख्रिस्ती वाचत होतो. मधुकर तोरडमलांनी केलेलं भाषांतर. तोरडमल म्हटलं की आपल्याला 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' मधले प्राध्यापक बारटक्के आणि त्यांची ती 'ह'ची बाराखडी आठवते, त्यामुळे भाषांतर हातात घेतलं तेव्हा मला धास्तीच होती, की शेवटच्या प्रकरणात पॉयरो सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून म्हणायचा, "त्या ह्यानेच ह्याचा ह केला!" तसं काही झालं नाही. एका परीनं ते सोयीचंच ठरलं असतं म्हणा, नाव कोणालाच फोडता आलं नसतं.

"काय वाचून राह्यले जवाईबापू?" मावशीनं विचारलं.

"खून झाला, मावशी. एका श्रीमंत म्हातारीचा."

"वावर किती होतं तिच्या मांगं?"

"वावर नाही, इस्टेट होती. मोठी हवेली."

"तेच थे. लेकरं?"

"पुतण्या, भाची आणि सोबतीला ठेवलेली एक बाई. मृत्युपत्र बदलणार होती म्हातारी. दुसऱ्या दिवशी वकील यायचा होता."

मावशीचे हात थांबले. एक पिवळं पान तिनं बाजूला ठेवलं. "वकिलाले निरोप कोनं देल्ला?"

मी दहा पानं मागे गेलो. निरोप भाचीनं दिला होता.

"मंग तिले मालूम होतं ना. तिचा नवरा काय करते?"

"नवरा नाही तिला."

"नसन कसा. लपवून ठेवला असन," मावशी म्हणाली आणि पुन्हा सांबाराकडे वळली. "खोलापूरकडं असंच झालं होतं. कोर्टात लगन करून बसली होती पोट्टी, आन् घरात कोनाले पत्ता नाही."

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की पॉयरोला तो नवरा सापडायला आणखी दीडशे पानं लागली, आणि त्यानं गाडीभाड्याचा खर्च केला तो वेगळाच. ख्रिस्तीबाईंची ती दुसरी गुप्तहेर, मिस मार्पल, सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात विणकाम करत बसते आणि प्रत्येक खुनी तिला गावातल्या कुठल्यातरी माणसासारखा दिसतो, हीच तिची तपासाची पद्धत. आमच्याकडे ही पद्धत प्रत्येक आळीत आहे, फक्त विणकामाच्या जागी वड्या-पापड आहेत. म्हणून ज्या घरात अशी मावशी आहे त्या घरात घरगुती खुनाची कादंबरी देऊ नये. शंभराव्या पानाला ती संपते आणि उरलेल्या पुस्तकाचं काय करायचं कळत नाही.

शिवाय या इंग्रजी कादंबऱ्यांतला खुनाचा हेतू वऱ्हाडी माणसाला फार पातळ वाटतो. कोणीतरी कोणाला वीस वर्षांपूर्वी पत्र लिहिलं होतं म्हणून विष देतात. इथे धुऱ्यावरून खून पडतात. दोन वावरांमधला हातभर रुंद बांध, त्यावर एक बोर आणि दोन काटेरी झुडपं. त्याच्यापायी आज्यापासून नातवापर्यंत कोर्टात तारखा चालतात. पांदण रस्ता, सामायिक विहीर, फेरफारात चुकून राहिलेलं एक नाव, यातून जी सूडकथा उभी राहते तिच्यापुढे पाश्चात्त्य प्रतिभा थिटी आहे. मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, हे कोडं तर आमच्या रक्तातच आहे. अख्खा वऱ्हाड १८५३ साली निजामानं कंपनीच्या ताब्यात दिला. नाव निजामाचं, नांगर इंग्रजाचा. १९०२ साली कर्झननं तो कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतला, पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला, आणि १९३६ साली इंग्रज सरकारनं निजामाच्या मुलाला 'वऱ्हाडचा युवराज' अशी पदवी दिली. युवराजाला वऱ्हाड काही मिळाला नाही, पण पदवी मिळाली. हे प्रकरण मावशीला सांगितलं तर ती एवढंच विचारील, "सातबारा कोनाच्या नावावर होता?" आणि तिथेच सगळं येऊन थांबतं.

"कसं काय?" विचारणारा वाचक वेगळा. तो बहुतेक एमआयडीसीत किंवा वीज कंपनीत असतो. त्याला माणसांशी घेणं नसतं, यंत्रणा हवी असते. अशासाठी बंद खोलीतला खून उत्तम: दाराला आतून कडी, खिडक्या बंद, आत प्रेत आणि खुनी गायब. जॉन डिक्सन कार याचा यात हातखंडा. त्याच्या 'द हॉलो मॅन' या १९३५ सालच्या कादंबरीत तर गुप्तहेर कथा थांबवून बंद खोलीतून निसटण्याच्या तऱ्हांवर चक्क व्याख्यान देतो. मी मोठ्या हौसेनं हा प्रकार एका इंजिनिअर वर्गणीदाराला तोंडी समजावून सांगितला. तो म्हणाला, "अकोल्यात नाही जमत हे."

"का?"

"कूलर."

खरंच की हो! पारा पंचेचाळिसावर गेलेल्या गावात अशी खोली दाखवा, जिची एक खिडकी कूलरसाठी काढून ठेवलेली नाही. कूलर चाकाच्या स्टँडवर. खुन्यानं तो हातभर सरकवायचा, आत यायचं, काम उरकायचं, बाहेर जाऊन कूलर पुन्हा खिडकीला लावायचा. गोळीचा आवाजसुद्धा येणार नाही, कारण चालू कूलरच्या खोलीत शेजारी झोपलेल्या बायकोचा आवाज येत नाही. फार तर पाणी सांडलेलं दिसेल, आणि त्याचा दोष घरातल्या धाकट्या मुलावर जाईल. मुळात मे महिन्यात कोणी खोलीत झोपतच नाही, सगळं गाव गच्चीवर. डिक्सन कारला वऱ्हाडात उपाशी मरावं लागलं असतं.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातला एक असा, की गोष्टीत एकापेक्षा जास्त गुप्त वाटा असू नयेत. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून थेट कौंडिण्यपूरपर्यंत भुयार आहे आणि कृष्णानं रुक्मिणीला देवळातूनच पळवली, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हे झालं एक. मग गाविलगडाचं वेगळं आणि नरनाळ्याचं वेगळं. ज्या भागात चार घरांमागे एकाला आपल्या वाड्याखाली भुयार आणि त्यात हंडा असल्याची खात्री आहे, तिथल्या वाचकाला एका गुप्त वाटेवर भागवायला सांगणं हा नॉक्ससाहेबांचा कंजूषपणा झाला. अशा वाचकाला मी गो. ना. दातारांचं 'कालिकामूर्ति' देतो. तळघर, अंधार, कारस्थान, आणि संपता न संपणारी पानं. तो खूश होऊन येतो आणि विचारतो, "याचा हंडा सापडला, मग आपला का नाही?"

प्रवासाला म्हणून पुस्तक मागणारे असतात. इथे आधी मार्ग विचारावा लागतो. पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला होती. कापसासाठी इंग्रज कंपनीनं टाकलेली अरुंद रुळांची गाडी. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन तिनं १९९४ पर्यंत वापरलं. ७६ किलोमीटर जायला चार तास, आणि ते गाडीची मर्जी असली तर. ख्रिस्तीबाईंच्या ओरिएंट एक्स्प्रेसला बर्फात अडकावं लागतं, तेव्हा कुठं पॉयरोला सगळ्या उतारूंची चौकशी करायला सवड मिळते. शकुंतलेत बर्फाची काय गरज होती? प्रत्येक डब्यातल्या प्रत्येक माणसाचा जबाब, पंचनामा, चहा, सगळं दर्यापूर यायच्या आत झालं असतं. खुनी गाडीतून उडी मारून पळाला, ही सबब मात्र चालली नसती. उतरून, पऱ्हाटीतून फिरून, तंबाखू मळून तो परत त्याच डब्यात चढला असता. आता ती गाडीही बंद आहे. त्या मार्गावर शेवटपर्यंत पुरेल अशी जाडजूड कादंबरी मागणारे मोजके वाचक त्यामुळे गेले.

रस्त्याचं उलटं झालं. अमरावती ते अकोला हायवेची रखडपट्टी इतकी वर्षं चालली, की तो रस्ता कोणी खाल्ला या विषयावर एसटीत बसून प्रत्येकानं स्वतःची रहस्यकथा रचली होती. आणि मग जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. आता बस इतकी सुसाट जाते, की बाबा कदमांची कादंबरी बडनेऱ्याला अर्धीच राहते. अर्नाळकरच नेमका पुरतो. (त्यांचीही गिनीज बुकानं दखल घेतली होती. विक्रमाला विक्रमच झेपतो.)

कोर्टकथा कोणाला द्यावी, हा नाजूक प्रश्न आहे. वकिलाला देऊ नये. आमच्याकडे एक वकीलसाहेब येतात; त्यांना पेरी मेसन दिला तर पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "उलटतपासणीत साक्षीदार रडून गुन्हा कबूल करते? माह्या उभ्या वकिलीत साक्षीदारानं सोताचं नाव एका दमात कबूल केलं नाही!" त्यांची दुसरी तक्रार अशी, की त्या कोर्टात कोणी तारीख घेत नाही. अमर विश्वासबद्दलही त्यांचं हेच मत. बाबा कदम तेवढे चालतात, कारण ते स्वतः सरकारी वकील होते आणि त्यांच्या कोर्टात पट्टेवाला वेळेवर जेवायला जातो.

पोलिसी तपासाची, पायरी पायरीनं पुढे जाणारी कथा पोलिसाला द्यावी, असं कोणालाही वाटेल. एका सेवानिवृत्त ठाणेदारसाहेबांना मी तशी एक दिली. परत आली तेव्हा पानोपानी लाल बॉलपेननं शेरे. "पंच दोन पाहिजेत, सही एकाचीच आहे." "रक्ताचे नमुने सील केल्याचा उल्लेख नाही." "स्टेशन डायरीत नोंद कुठे?" एका ठिकाणी नायक इन्स्पेक्टर मध्यरात्री समुद्राकडे पाहत सिगारेट ओढतो, तिथे समासात लिहिलं होतं, "हा बंदोबस्त सोडून इथे काय करतो? मेमो द्या." शेवटच्या पानावर, खुनी पकडल्यावर, पूर्ण विचार करून दिलेला निकाल: "आरोपी निर्दोष सुटेल." तेव्हापासून मी त्यांना कॅप्टन दीप देतो. शत्रूच्या देशात पंचनामा करावा लागत नाही, त्यामुळे साहेब सुखात वाचतात. मध्यंतरी रमेश मंत्रींचा जनू बांडे दिला होता, तो जेम्स बाँडची टिंगल करणारा. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "असे दोन होते आमच्या ठाण्यात."

भुताखेताचं, गूढ वाचणाऱ्यांचा हंगाम ठरलेला. एप्रिल उजाडला की नारायण धारप कपाटात टिकत नाहीत. थंडी वाजून येते म्हणे. मतकरींच्या गूढकथा मात्र मी एकटं राहणाऱ्याला देत नाही. धारपांचं भूत पुस्तक मिटलं की जातं, मतकरींचं भूत चांगलं सुशिक्षित असतं आणि आपल्याच ओळखीचं निघतं. अकोल्यात हिंदी वाचणारेही भरपूर. सुरेंद्र मोहन पाठकांचे वाचक स्टेशनच्या स्टॉलवर परस्पर भागवतात, आणि मोहम्मद अली रोडवरचे एक चाचा इब्ने सफी उर्दूतूनच वाचावा यावर ठाम आहेत. त्यांच्याशी वाद घालायला मला उर्दू येत नाही, हे त्यांचं नशीब.

राहिला "मंग पुढं?" म्हणणारा वाचक. हा मला सगळ्यांत सोपा वाटायचा, कारण त्याला फक्त गोष्ट पळती हवी असते. पण गेल्या काही दिवसांपासून यात एक नवी जात आली आहे: अभ्यासिकेतली पोट्टे-पोट्टी. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती. परवा त्यातली एक मुलगी आली. दारव्ह्याकडची असावी, पाठीवर बॅग, हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "काका, एक रहस्यकथा द्या."

मी नेहमीचे प्रश्न काढले. खून घरातला हवा की बाहेरचा? कोर्ट चालेल का? भुताची भीती वाटते का?

"कोन्तीबी चालते. पन शेवट असलेली द्या."

"सगळ्यांनाच शेवट असतो की."

"आमच्या जाहिरातीले नाही ना काका. पूर्व परीक्षा झाली, मुख्य पुढं ढकलली, मंग कोर्टात गेलं कोनीतरी. दोन वर्षं झाले, पुढं काय होते थे कोनालेच मालूम नाही."

अशा वाचकाला काय द्यावं याबद्दल नॉक्स, ख्रिस्ती वगैरे मंडळींनी काही लिहून ठेवलेलं नाही. सस्पेन्स म्हणून जे काही साहित्यात उपलब्ध आहे, ते सगळं आयोगानं मागे टाकलेलं. मी उठून अर्नाळकरांचा एक धनंजय काढून दिला. सडपातळ पुस्तक, एका बैठकीचं, शेवटी गुन्हेगाराच्या हातात बेड्या आणि सगळे आपापल्या घरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक परत. खुनी कोण ते तिनं सांगितलं नाही, तेव्हा मला जरा आश्चर्यच वाटलं. तिनं विचारलं, "काका, हा धनंजय कोन्त्या पोस्टवर होता?"

"पोस्ट नाही. खाजगी गुप्तहेर होता तो."

"म्हंजे परमनंट नाही?"

"नाही."

"कंत्राटी असन," ती म्हणाली. "कठीण हाये बिचाऱ्याचं." आणि अनामत किती भरली तर एका वेळी तीन पुस्तकं मिळतात, ते विचारायला लागली.